दोन खटके

"टेप इकडे दे, शर्मिष्ठा," खांबेटे सर म्हणाले.

मी दिली नाही. काडेपेटीहून जराशी मोठी ती कॅसेट माझ्या मुठीत होती आणि मूठ टेबलाखाली, मांडीवर. घामानं कॅसेटचं प्लास्टिक निसटायला लागलं होतं.

"प्रत काढून झाली?"

"नाही."

"का?"

"मी मधला भाग ऐकला."

सरांनी चष्मा काढून कागदांवर ठेवला. वर्गात एखाद्यानं मूर्खासारखा प्रश्न विचारला की ते असंच करायचे. "मधला भाग घ्यायचा नाही, असं मी तुला सांगितलं होतं."

"म्हणूनच ऐकला."

सत्त्याण्णव सालची गोष्ट आहे. मी पंचविशीत होते. ध्वनिशास्त्र शिकून खांबेटे सरांच्याच हाताखाली पुण्यात नोकरीला लागले होते. सर कॉलेजात माझे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी आवाज मोजून देण्याचं काम सुरू केलं आणि पहिली नेमणूक माझी केली. छापखान्यातला आवाज, जनरेटरचा आवाज, हॉस्पिटलशेजारच्या रस्त्याचा आवाज. आम्ही जायचो, मोजायचो, अहवाल द्यायचो. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हाच माणूस माझ्या शेजारी बसून होता. हे मुद्दाम सांगते आहे, कारण परक्या माणसाचा एवढा राग येत नाही.

त्या वर्षी सरांनी डॅट मशीन आणलं होतं. डिजिटल टेपवर आवाज घेणारं, खांद्याला अडकवता येईल एवढं. त्याचं सरांना फार कौतुक. "जुनी टेप घासते, सुरसुरते, प्रतीची प्रत काढली की आवाज मळतो," ते येईल त्याला सांगायचे. "ही टेप आवाज लिहितच नाही, आकडे लिहिते. शंभरावी प्रतही पहिल्यासारखी. हिला खोटं बोलता येत नाही." हेच वाक्य त्यांनी कोल्हापूरच्या लेबर कोर्टातही सांगितलं, आणि मिल आणि कामगार दोघांनीही त्यांच्या नावाला संमती दिली.

खटला इचलकरंजीजवळच्या एका कापड मिलचा होता. मिल आता नाही, जागेवर मंगल कार्यालय आहे. तिच्या मागांच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभे राहिलेले अकरा कामगार मिलनं एकदम कमी केले. कारण काय लिहिलं होतं, तर ह्यांना ऐकू येत नाही, धोक्याची घंटा वाजली तर कळणार नाही, म्हणून कामास अयोग्य. कामगारांचं म्हणणं, आमचे कान ह्याच शेडनं खाल्ले. मिलचं म्हणणं, आमच्या शेडमधला आवाज कायद्याच्या मर्यादेत आहे, ह्यांना वयामुळे ऐकू येत नाही. मर्यादा नव्वद डेसिबलची. म्हणजे सगळा खटला एका आकड्यावर येऊन थांबला होता, आणि तो आकडा आम्ही सांगायचा होता.

आम्ही गेलो त्या दिवशी मिलच्या फाटकाशी अकराजणांच्या वतीनं बाळगोंडा मगदूम उभे होते. उंच, वाकलेले, पांढरी टोपी, कोपरापर्यंत बाह्या. शेजारी त्यांची बायको त्रिशलाबाई. लग्नाआधीपासून त्या ह्याच मिलच्या सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होत्या, गुडघे गेल्यावर सुटल्या. मी नमस्कार केला तर बाळगोंडा माझ्या अंगावर ओरडलेच, "या बाई! सावकाश या! पायरी हाय!" मी दचकले.

"रागावल्याती असं समजू नगा," त्रिशलाबाई म्हणाल्या. "स्वताचं बोलणं ऐकू येत न्हाई, म्हनून आवाज चढतो. गल्लीतली पोरं सुदीक घाबरत्यात. नातवंड जवळ जाईना झालंय."

शेडच्या बंद दाराबाहेर आम्ही मशीन मांडलं. पद्धत अशी असते. मायक्रोफोनवर एक छोटी डबी बसवायची. ती ठरलेल्या मोठेपणाचा एकसुरी आवाज काढते. त्याला आम्ही टोन म्हणतो. आधी तो टेपवर घ्यायचा आणि मग टेप न थांबवता आत जायचं. ऑफिसात परत आलं की टोनच्या शेजारी आतला आवाज ठेवून त्याचं मोजमाप काढायचं, जसं फोटोत वस्तूशेजारी फूटपट्टी ठेवतात. अट एकच. टोन घेतल्यावर मशीनच्या आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. लावलाच तर टेप चालू असताना तोंडानं सांगायचं, की एवढे खटके फिरवले. नाहीतर फूटपट्टीच बदलली.

काठीला लावलेला मायक्रोफोन माझ्या हातात होता. मशीन सरांच्या खांद्याला.

आत काय होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. आवाज कानानं ऐकावा लागत नव्हता. तो छातीत घुसत होता, दातांत घुसत होता. मागांवर इकडून तिकडे धावणारे शेकडो धोटे एकदम आपटत होते. मी सरांकडे वळून काहीतरी विचारलं आणि माझं मलाच ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर त्रिशलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांचे ओठ हलत होते, पण कानात नुसती शिट्टी वाजत होती. संध्याकाळी बसमध्येही ती थांबली नाही.

टेप बाहेर काढून तिच्या लेबलवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मिलचे मॅनेजर, बाळगोंडा, सर, मी.

एरवी टेपवरून मोजमाप मी काढायचे. ह्या वेळी सर म्हणाले, मी स्वतः करतो. मला काही वाटलं नाही. मोठं काम होतं, कोर्टाचं होतं. मग अहवाल टाइप करायला आला आणि मी आकडा पाहिला. त्र्याऐंशी.

"सर, हा आकडा चुकलाय का? मला शंभराच्या वर वाटलं होतं."

"वाटणं आणि मोजणं ह्यात फरक असतो," सर हसून म्हणाले. "हे मी तुला पहिल्या वर्षाला शिकवलं."

मी टाइप केलं. कानांवर विश्वास ठेवायचा नाही, हेच तर आम्ही शिकलो होतो.

दोन दिवसांनी सर म्हणाले, "कोर्टाला टेप द्यायची आहे. मूळ टेप कशाला द्यायची, प्रत काढ. डिजिटल प्रत म्हणजे मूळच. फक्त टोन घे आणि पुढे एकदम शेडपासून घे. मधलं नको. दाराबाहेरची बडबड आहे, कावळे-बिवळे आहेत, बरं दिसत नाही."

मधलं नको. सर असं कधी म्हणत नसत. टेपला कात्री लावायची नाही, एक शिंकसुद्धा काढायची नाही, हा त्यांचाच नियम. मी हेडफोन लावले.

टोन ऐकला. तो संपला. मग दाराबाहेरचा आवाज. भिंतीपलीकडची घरघर, पत्र्यावर ओरडणारा कावळा, आणि अगदी जवळून माझा आवाज: "सर, टोन झाला. आता आत..." मग खट्. खट्. "...जायचं का?"

मी टेप मागे घेतली. परत ऐकलं. वाक्य माझं होतं, एका दमात बोललेलं. त्याचा पहिला अर्धा भाग कानाशी होता आणि दुसरा अर्धा अंगणाच्या पलीकडून आल्यासारखा. कावळाही तसाच दूर गेलेला. घरघरही. दोन खटक्यांत सगळं जग लांब गेलं होतं. त्या मशीनचा एक खटका म्हणजे दहा डेसिबल. दोन म्हणजे वीस. त्र्याऐंशी आणि वीस.

मी मायक्रोफोन धरून दाराकडे तोंड करून उभी होते आणि माझ्या पाठीमागे, मी बोलत असताना, ह्या माणसानं बटण फिरवलं होतं.

म्हणून ती टेप मी मुठीत धरून बसले होते.

"तू दमली आहेस," सर म्हणाले. "आवाज इतका मोठा होता की टेपवर फाटला असता. बटण कमी करावंच लागतं."

"करावं लागतं. मग टेपवर सांगावं लागतं. अहवालात वीस मिळवावे लागतात. तुम्हीच शिकवलंत."

"राहून गेलं."

"मग आत्ता मिळवा. मी अहवाल परत टाइप करते. एकशे तीन."

त्यांनी कागदांवरचा चष्मा उचलून पुसायला घेतला. पंखा फिरत होता, आणि मला कळलं की राहून गेलेलं नाही. तोपर्यंत मनाच्या कोपऱ्यात मला वाटत होतं, ते कपाळावर हात मारून घेतील.

"शर्मिष्ठा, बस. ऐक. एकशे तीन लिहिलं की काय होईल? गावात मिल काय एक आहे? उद्या प्रत्येक शेडवर दावे लागतील. शेड बंद पडतील. चालू असलेल्या माणसांनी खायचं काय?"

"आणि ह्या अकराजणांचे कान?"

"गेलेले कान परत येतात का?" सर अगदी शांतपणे म्हणाले. "तू एकशे तीन लिही, नाहीतर दोनशे लिही. येतील?"

मी उठले. खुर्ची मागे पडली, ती मी उचलली नाही.

"खाली बस. मिलचे मालक आपल्याला प्रयोगशाळा बांधून देतायत. ध्वनिरोधक खोली, सगळी यंत्रं. ह्या देशात तशा किती आहेत? मी किती दिवस पुरणार आहे? ती तुझ्याच हातात येणार आहे."

"माझ्या हातात?" मी ओरडले. त्यांच्यावर आवाज चढवण्याची ती माझी पहिलीच वेळ. "ज्या खोलीत चिमणी ओरडली तरी मोजता येईल, ती खोली अकरा बहिऱ्या माणसांच्या जिवावर बांधायची? आणि मी तिथे बसून पोरांना शिकवायचं की बटणाला हात लावायचा नाही?"

"हळू बोल."

"का? वीसनं कमी करू?"

सर टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात. बोटं उलगडायला लागले. ज्या हातानं मला पहिल्यांदा लहरींची आकृती काढून दाखवली तो हात. मला किळस आली. "सोडा," मी म्हणाले. "नाहीतर मी अशी किंचाळेन की खालचा दुकानदार वर येईल."

त्यांनी सोडलं. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून ते हसले. "घेऊन जा. वाजवणार कशावर? मशीन माझ्याकडे आहे. टेप काय चाटून ऐकवणार आहेस?"

खरं सांगायचं तर ते हसले नसते तर कदाचित जिन्यात माझा धीर सुटला असता. आई गावाकडे होती, नोकरी गेली होती, आणि ज्याला जाऊन विचारावं असा एकच माणूस होता, तो वर बसला होता. पण त्या हसण्यानं माझं डोकं असं फिरलं की मी सरळ स्वारगेटला जाऊन कोल्हापूरच्या गाडीत बसले.

कामगारांचे वकील तांबट म्हणून होते. त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सांगून उपयोग नाही. खांबेट्यांच्या नावापुढे तुमचं कोण ऐकणार? ऐकवता येईल का?" कोल्हापुरात गाणी ध्वनिमुद्रित करणारा एक स्टुडिओ होता. त्यांच्याकडे तसंच डॅट मशीन होतं. मालकांनी टेपची गोष्ट ऐकली आणि मशीन तर दिलंच, वर ऑर्केस्ट्राला भाड्यानं जाणारे दोन उंच स्पीकर आणि अॅम्प्लिफायरही टेम्पोत घालून दिला.

कोर्टाच्या खोलीत खिडकीशी बाकावर बाळगोंडा, त्रिशलाबाई आणि बाकीचे कामगार बसले होते. समोर मिलची माणसं. खांबेटे सर पांढऱ्या शर्टात, हातात अहवाल. मला बघून त्यांचा चेहरा हलला नाही. मग त्यांना स्पीकर दिसले.

मिलचे वकील लगेच उठले. "ही बाई कोण? नोकरीवरून काढलेली असिस्टंट. टेप कुठली, काय माहीत?"

तांबटांनी टेपचं लेबल न्यायाधीशांसमोर धरलं. मॅनेजरची सही, सरांची सही.

"ही सही आपली?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो," सर म्हणाले.

"टेपला खोटं बोलता येत नाही, असं आपणच सांगितलं होतं ना? वाजवा."

मी आधी टोन लावला आणि आवाज मोजायचा मीटर बाकाशी धरून स्पीकरचा आवाज बरोबर त्या डबीच्या आवाजाएवढा ठेवला. मीटरचा काटा न्यायाधीशांना दाखवला. मग पुढे काहीही न बदलता शेडचा भाग लावला. खोलीत घरघर भरली. मोठी होती, पण बोलता येत होतं.

"हे बघा," मिलचे वकील हसत म्हणाले. "बसस्टँडवर याहून जास्त असतो."

"आता मधला भाग ऐका," मी म्हणाले. "कोर्टाला द्यायच्या प्रतीतून हा काढून टाकायला मला सांगितलं होतं."

कावळा ओरडला. "सर, टोन झाला. आता आत..." खट्. खट्. "...जायचं का?"

न्यायाधीश म्हणाले, "परत लावा." मी परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग सरांकडे पाहिलं. "हे खटके कसले?"

सरांनी अहवालाची पानं उलटली. तिथे काहीच नव्हतं हे त्यांना माहीत होतं.

"ते दोन खटके परत वर नेले तर शेड कशी ऐकू येते, ते दाखवू का?" मी विचारलं. न्यायाधीशांनी मान हलवली, आणि मी बटण वीस डेसिबलनं चढवलं.

खिडकीच्या काचा थरथरल्या. टेबलावरचे कागद सरकायला लागले. मिलच्या वकिलांनी दोन्ही कानांवर हात दाबले. मॅनेजर तोंड उघडून काहीतरी ओरडत होता, ते फक्त दिसत होतं. न्यायाधीशांनी हात वर करून थांबवायची खूण केली. मला ती दिसली. मी थांबवलं नाही. मी सरांकडे बघत होते. त्यांचेही ओठ हलत होते, माझ्याकडे बघून, बहुतेक माझं नावच घेत होते, आणि मला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, बोला. बोला की. हळू बोल म्हणा.

आणि तेवढ्यात माझं लक्ष खिडकीशी गेलं. कामगारांच्या बाकावर कुणीच कानाला हात लावला नव्हता. बाळगोंडा आणि त्रिशलाबाई एकमेकांकडे तोंड करून बोलत होते. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, बोटांनी, भुवयांनी. मागांच्या शेडमधली माणसं अशी बोलतात हे मला त्या दिवशी कळलं. त्या सगळ्या खोलीत त्या क्षणी एकमेकांशी बोलू शकणारी तीच दोघं होती. त्रिशलाबाई काहीतरी म्हणाल्या. बाळगोंडांनी मान हलवली, आणि उत्तर दिलं.

शिपायानं येऊन वायर उपटली तेव्हा आवाज बंद झाला.

पुढचं सगळं सावकाश झालं. सरांचा अहवाल बाजूला ठेवला गेला, दुसऱ्या माणसांकडून दोन्ही बाजूंसमोर शेड परत मोजली गेली, नव्वदच्या खूप वर निघाली. बहिरेपण मिलमुळेच, असा निकाल झाला. बाळगोंडांना तो ऐकायला मिळाला. अकरामधल्या दोघांना मिळाला नाही. खांबेटे सर मला पुन्हा भेटले नाहीत. वारले तेव्हा पेपरात मोठा लेख आला. मी तो वाचला आणि मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. इतकी वर्षं झाली, लोक म्हणतात आता सोडून दे. मी कशाला सोडू?

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. कोर्टाच्या आवारात मी स्पीकर टेम्पोत चढवत होते. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. त्रिशलाबाई माझ्याकडे आल्या. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवतील. त्यांचा चेहरा नुसता पेटला होता.

"आत तुम्ही दोघं काय बोलत होता?" मी विचारलं.

"मी ह्यास्नी म्हटलं, आता तरी पटलं बघा समद्यास्नी."

"मग? ते काय म्हणाले?"

त्रिशलाबाईंनी पदर खांद्यावर ओढला. "म्हनले, त्या टेपचं पटलं. आमी गेली धा वर्सं त्येच सांगतोय, ते कुनाला पटलं?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि नवऱ्याचा दंड धरून स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या.